तालुक्याच्या ओपीडीत रुग्णाची इनसाइट मोजायची कशी? एका आकड्यावर भागत नाही

माणगंगा
नमस्कार मंडळी. माण-खटाव भागातल्या फॉलो-अप ओपीडीत सायकियाट्रिक सोशल वर्कर म्हणून काम करते. पेशंट बहुतेक स्किझोफ्रेनियाचे, काही बायपोलरचे. केसपेपरवर 'इनसाइट'समोर, म्हणजे पेशंटला आपल्या आजाराची किती जाण आहे यासमोर, १ ते ६ पैकी एक ग्रेड टाकायची पद्धत आहे. तोच पेशंट पुढच्या वेळी दुसऱ्या डॉक्टरांसमोर बसला की २ चा ४ होतो. पेशंट सुधारला की फक्त विचारणारा बदलला, हे त्या आकड्यावरून कळायला मार्ग नाही.

पंधरा-वीस मिनिटांत होईल आणि दोन माणसांनी घेतलं तरी जवळपास तेच उत्तर येईल, असं काय वापरावं? मराठीत आणताना कुठे घसरतं? आणि सगळ्यात अवघड म्हणजे 'करणी केलीय' असं ठाम सांगणारा पण एक गोळी न चुकवणारा माणूस. त्याला काय द्यायचं? जाणकारांनी सविस्तर लिहावं ही विनंती.

वारणाकाठ
ताई, आकडा हलतो याचं मूळ त्या सहा पायऱ्यांतच आहे. पहिली पायरी साफ नकार, तिसरी 'त्रास आहे पण दोष दुसऱ्याचा', पाचवी डोक्याने पटलेलं, सहावी मनापासून पटून वागण्यात उतरलेलं. या गोष्टी एका रेषेवर बसत नाहीत. आजार मानत नाही पण औषध घेतो, त्याला कुठे बसवणार? एक डॉक्टर नकाराकडे बघून १ देतील, दुसरे औषधाकडे बघून ४. शिवाय पाच की सहा हे एका भेटीत ठरूच शकत नाही, कारण त्यासाठी पुढचं वागणं बघावं लागतं. शिकवायला ती शिडी ठीक आहे, बदल मोजायला नाही.

अँथनी डेव्हिड यांनी १९९० मध्ये इनसाइटचे तीन पदर वेगळे केले: आपल्याला मानसिक आजार आहे हे मानणं, आवाज-संशय असले अनुभव आजाराचा भाग आहेत हे ओळखणं, आणि उपचाराची गरज पटणं. तिन्ही एकमेकांना चिकटलेले असतात, पण एकत्र वरखाली होतातच असं नाही. तुमच्या ओपीडीत निम्मा घोळ इथेच सुटेल.

वेळ कमी असेल तर बर्चवुड यांची १९९४ ची इनसाइट स्केल घ्या. आठ वाक्यं, प्रत्येकाला सहमत, असहमत किंवा नक्की सांगता येत नाही. जाण दाखवणाऱ्या उत्तराला २, 'सांगता येत नाही'ला १, उलट उत्तराला ०. वाक्य १ आणि ८ लक्षणांची जाण, २ आणि ७ आजाराची जाण, ३ ते ६ उपचाराची गरज. शेवटच्या चारांची बेरीज निम्मी करायची, म्हणजे प्रत्येक पदर ० ते ४ आणि एकूण १२. निम्मी करायचं विसरलं की एकूण १६ पर्यंत जातं आणि 'सुधारणा' कागदावरच होते. ९ किंवा जास्त म्हणजे चांगली जाण, असं धरतात.

पण एकूण बेरजेवर थांबू नका. एक पेशंट लक्षण ०, आजार ४, उपचार ४. दुसरा लक्षण ४, आजार ४, उपचार ०. दोघांचे ८. पहिल्याशी आवाजांबद्दल बोलायचं आहे, दुसऱ्याशी गोळ्यांबद्दल, बहुधा साइड इफेक्टबद्दल. ८ हा आकडा यातलं काहीच सांगत नाही.

दोन अडचणी आधीच सांगतो. ही पेशंटने स्वतः वाचून भरायची प्रश्नावली आहे. तुम्ही वाचून दाखवली की ती मुलाखत होते आणि समोरच्याला बरं वाटेल असं उत्तर देण्याकडे कल जातो. वाचून दाखवावी लागणारच, मग 'वाचून दाखवली' अशी नोंद ठेवा. दुसरं, एक वाक्य हॉस्पिटलमध्ये राहणं गरजेचं होतं का, असं विचारतं. कधी ॲडमिटच न झालेल्याला ते लागू नाही. त्याला काय विचारायचं ते एकदाच ठरवा, सगळ्यांना तेच विचारा, आणि वॉर्डातल्या पेशंटच्या बेरजेशी तुलना करू नका.

बाकीच्या स्केल थोडक्यात. डेव्हिड यांचीच एसएआय आणि १९९७ ची वाढीव एसएआय-ई ही मुलाखतीची स्केल आहे. ज्याला प्रश्न विचारून खणता येतं त्याच्या हातात ती बर्चवुडपेक्षा सरस. अमाडोर यांची १९९३ ची एसयूएमडी संशोधनाला चांगली: आत्ताची जाण आणि मागची जाण वेगळी, लक्षण ओळखणं आणि त्याचं कारण आजारात शोधणं हेही वेगळं. पण आधी पेशंटला कोणती लक्षणं आहेत ते नक्की करावं लागतं, नाहीतर नसलेल्या लक्षणाची जाण मोजत बसाल. ओपीडीत वेळ पुरत नाही. पॅन्स (स्किझोफ्रेनियाची सगळी लक्षणं मोजणारी स्केल) करतच असाल तर त्यातला जी-१२ हा इनसाइटचा १ ते ७ चा एक मुद्दा आपसूक मिळतो, त्यासाठी वेगळं पॅन्स करू नका. मेनियात, म्हणजे बायपोलरमध्ये मूड अति चढलेला असताना, वापरायच्या यंग स्केलचा अकरावा मुद्दा इनसाइटचा, ० ते ४ असतो. बेक यांची २००४ ची कॉग्निटिव्ह इनसाइट स्केल वेगळंच मोजते: माणूस स्वतःच्या विचारांवर शंका घेऊ शकतो का. आजाराचं नावही तिला लागत नाही. ती इनसाइटच्या रकान्यात भरू नका.

तंबोरा_मिरज
भाषांतराचं मी लिहिते, कारण सगळ्यात जास्त डेटा तिथे खराब होतो.

बर्चवुडच्या आठांपैकी चार वाक्यं, २, ३, ६ आणि ८, उलट्या दिशेची आहेत. 'मला औषधांची गरज नाही' हे वाक्य वाचून दाखवा. पेशंट म्हणतो, 'नाही'. म्हणजे 'नाही, गरज नाही', की 'नाही, हे वाक्य चूक'? आणि 'होय' म्हणाला तर 'होय, गरज नाही' की 'होय, गरज आहे'? आपल्याकडे दोन्ही उत्तरं दोन्ही अर्थांनी येतात. एकाने ० टाकला, दुसऱ्याने २, आणि दोघांनीही प्रामाणिकपणे टाकला. उपाय साधा आहे: हो-नाही घ्यायचंच नाही. वाक्य वाचा, 'हे बरोबर, चूक, का सांगता येत नाही?' विचारा, आणि मग 'म्हणजे गोळ्या लागतात का नाही लागत?' असं पूर्ण वाक्य त्याच्या तोंडून वदवून घ्या. दोन्ही जुळलं तरच गुण टाका.

आणखी एक खूण. सगळ्याला 'बरोबर' म्हटलं तर गुण येतात २-२-२, एकूण ६. सगळ्याला 'चूक' म्हटलं तरी २-२-२. सगळ्याला 'सांगता येत नाही' म्हटलं तरीही २-२-२! म्हणून २-२-२ आलं की मध्यम इनसाइट असं लिहू नका. आठ उत्तरं परत बघा. पेशंट कंटाळलेला, गोळीने पेंगलेला किंवा प्रश्न न कळलेला असण्याची शक्यता जास्त.

भाषांतराची रीत: दोघांनी स्वतंत्र मराठी करायचं, एक या क्षेत्रातला, एक बाहेरचा. दोन्ही समोर ठेवून एक मसुदा. मूळ इंग्रजी न पाहिलेल्या तिसऱ्याने तो परत इंग्रजीत न्यायचा. फरक दिसतील ती वाक्यं दुरुस्त. इथवर सगळे करतात. पुढची पायरी मात्र गाळतात: आठ-दहा पेशंटना एकेक वाक्य वाचून 'यात काय विचारलंय असं तुम्हाला वाटलं?' हे विचारायचं. 'माझ्या काही लक्षणांचा उगम माझ्या मनातून झाला' असलं वाक्य कागदावर शुद्ध दिसतं, पण आटपाडीच्या मेंढपाळाला ते 'तू मनानं नाटक करतोस' असं ऐकू येतं. मग तो चिडतो, 'चूक' म्हणतो आणि शून्य घेतो.

तीच गत 'मानसिक आजार' या शब्दाची. उत्तर येतं, 'येडा हाय व्हय मी?' हा अपमानाला दिलेला नकार आहे, आजाराला नाही. म्हणून सुरुवातीलाच विचारा: 'तुम्हाला जो त्रास झाला त्याला तुम्ही काय म्हणता?' कुणी डोक्याचा ताप म्हणेल, कुणी मनावर परिणाम, कुणी बाहेरची बाधा. तो शब्द वर लिहा. मानसिक आजाराचं वाक्य आहे तसं विचारायचंच, पण नकार आला तर त्याच्याच शब्दात खात्री करा: 'हा डोक्याचा ताप तुमच्यातच काही बिघडल्यामुळे झाला का?' नाव नाकारलं पण गोष्ट मानली, तर तसं शेजारी लिहा. अशी खुलाशाची वाक्यं प्रत्येक प्रश्नाला एक-दोन, छापील आणि ठरलेली असू द्या. विचारणाऱ्याने ऐनवेळी समजावून सांगायला सुरुवात केली की उत्तर त्याचंच येतं.

औदुंबर_सायक
तंबोराताईंचा २-२-२ चा मुद्दा प्रत्येक ओपीडीच्या भिंतीवर लावावा असा आहे. मी करणीच्या प्रश्नाकडे येतो.

समजा पेशंट म्हणाला: 'भावकीनं करणी केली, तवापास्नं आवाज यायला लागले. गोळी घेतली की कमी येत्यात, म्हणून गोळी सोडत नाय. खरं असतं तर बायकोलाबी ऐकू आलं असतं की.'

याला एकच आकडा द्यायला बसलात तर 'करणी'वर अडकून ३ द्याल. पदर सोडवा. उपचार: गरज पटलेली आहे, कारणासकट, पूर्ण गुण. लक्षण: 'बायकोला ऐकू आलं असतं' म्हणजे त्याने अनुभव स्वतः तपासून पाहिला आणि तो बाहेरचा नाही हे ओळखलं, इथेही चांगले गुण. आजार: अजून कळलेलं नाही, म्हणून पुढे विचारा, 'मग गोळी करणीवर कशी काय चालते?' उत्तर आलं 'करणी डोक्यात बसली, डोकं बिघडलं, गोळी डोक्याला', तर आपल्यात काही बिघडलं आहे हे तो मानतो, अर्धे गुण. उत्तर आलं 'गोळीनं झोप लागती, झोपंत करणी पोचत नाय', तर आजाराची जाण ०, आणि उपचाराचे गुणही परत तपासा. एका पुढच्या प्रश्नाने चित्र उलटतं, म्हणून हा प्रश्न कधी गाळू नये.

वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजच्या गटाने लंडनच्या डेव्हिड यांच्यासोबत या विषयावर बरंच काम केलं आहे. त्यांचा मुद्दा आपल्याकडे तंतोतंत लागू आहे: माणूस एकाच वेळी दोन-तीन कारणं धरून असतो, दैवी कारण मानणं म्हणजे उपचार नाकारणं नव्हे, आणि परंपरेतली समजूत थेट बिनइनसाइटच्या खात्यात टाकता येत नाही. मांढरदेवीला जाऊन आलेलं कुटुंब दुसऱ्या दिवशी तुमच्यासमोर रांगेत असतं. करणी मानणारं अख्खं घर असेल तर ती समजूत घराची. घरचेच म्हणत असतील की 'करणीचं आम्हीबी मानतो, पण ह्यो टीव्हीतनं करणी येती म्हणतोय', तर ते लक्षण. ती सीमारेषा घरच्यांकडूनच समजते, म्हणून त्यांना वेगळं विचारा.

उलटी बाजूही तेवढीच महत्त्वाची. 'सर, मला स्किझोफ्रेनिया आहे, डोपामिन वाढतं' असं घडाघडा सांगणारा, तीन-चार ॲडमिशन झालेला पेशंट. त्याला 'मग शेजारच्यांचं काय?' विचारा. 'ते वेगळं, ते खरंच मागावर आहेत.' आजार ४, लक्षण ०. हे वाक्य म्हटलं की डिस्चार्ज लवकर मिळतो, हे तो शिकलेला असतो. डॉक्टरशी सहमत होणं आणि इनसाइट असणं यांत गल्लत करू नये, यावर मी अडून बसेन.

एसएआयमधला एक प्रश्न यासाठी फार उपयोगी आहे: 'तुमच्या सांगण्यावर लोक विश्वास ठेवत नाहीत, तेव्हा तुम्हाला काय वाटतं?' 'ते खोटं बोलतात' याला ०, आणि 'तेव्हाच मला कळतं की मी आजारी आहे' याला सर्वात जास्त, ४. मधे गोंधळ, शंका अशा पायऱ्या. पाठ केलेलं उत्तर इथे चालत नाही.

माणगंगा
फार उपयोगी. एक शंका: 'उपचार' हा पदर हजेरीवरून भरला तर? आमच्याकडे फॉलो-अपची तारीख आणि उरलेल्या गोळ्या याची नोंद आधीपासून असते.

येरळाकाठ
ताई, नका भरू. सामुदायिक कामातून सांगतो.

खानापूर-आटपाडीतली कुटुंबं गलाईच्या (सोनं-चांदी गाळायच्या) धंद्यासाठी देशभर पसरलेली आहेत, जतकडची ऊसतोडीला जातात. पेशंट चार महिने दिसला नाही याचा अर्थ त्याला आजार पटत नाही असा होत नाही. नोंदीत दोन रकाने करा: 'औषध मिळालं नाही' आणि 'मिळालं पण घेतलं नाही'. पहिल्याचा इनसाइटशी संबंध नाही: एसटी, रोजगार, साठा संपला. दुसऱ्यातही कारण लिहा. ओलान्झापिनने वजन वाढलं, रिस्पेरिडोनने अंग आखडलं, पेंग येते म्हणून रानात काम होत नाही. ही कारणं शाबूत डोक्याने दिलेली आहेत. तिथे डोस किंवा औषध बदलायची गरज असते, समुपदेशनाची नाही.

उरलेल्या गोळ्या मोजताना दिलेली संख्या आणि तारीख दोन्ही हवीत. तीस दिल्या, अठ्ठावीस दिवस झाले, रोज एक, तर दोन उरायला हव्यात. दहा उरल्या तर आठ चुकल्या. एकही उरली नाही तर 'नियमित' असं लगेच लिहू नका. दोन जास्त घेतल्या, की घरी कुणी काढून घेतल्या?

आणखी दोन गोष्टींनी हा पदर खोटा वर जातो. एक, महिन्याचं डेपो (एकदा दिलं की बरेच दिवस पुरणारं) इंजेक्शन: हजेरी शंभर टक्के, पण आणणारा भाऊ असतो. दोन, आमटीत किंवा चहात लपवून दिलेली गोळी. घरच्यांना पेशंटमागे हळू आवाजात विचारा, दोष न देता, नाहीतर सांगणार नाहीत. लपवून दिलं जात असेल तर 'नियमित औषध' ही नोंद पेशंटच्या पसंतीबद्दल काहीच सांगत नाही. शिवाय ते उघडकीला आलं की घरच्यांवरचा आणि औषधावरचा विश्वास एकदमच जातो, म्हणून त्या घरात पहिलं काम तेच.

औदुंबर_सायक
येरळाकाठ यांच्याशी पूर्ण सहमत. आता आकडा कधी घ्यावा आणि त्याचं काय करावं.

जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७३ च्या स्किझोफ्रेनिया अभ्यासात इनसाइट नसणं हेच सगळ्यात जास्त आढळलेलं लक्षण होतं, ९७ टक्के. आग्रा हे त्यातलं एक केंद्र. म्हणजे आजार ऐन भरात असताना मोजलं तर जवळजवळ प्रत्येकाची जाण कमीच येणार आणि त्यातून पुढचं काही कळणार नाही. तीव्र लक्षणं ओसरली, झोप बसली, की पहिलं माप घ्या. नंतर तीन महिन्यांनी पुरे. दर भेटीला घेतलं तर उत्तरं पाठ होतात. विचारणारा शक्यतो औषध लिहून देणारा नसावा. घरचे बाहेर. बायपोलरमध्ये मूडची नोंद शेजारी हवीच, कारण मेनिया उतरला की जाण आपोआप वर येते.

आता ज्या गोष्टीची मला खरी काळजी वाटते ती. आजाराची जाण वाढली की आपण आनंदाने आकडा लिहितो. पण जाण वाढण्याबरोबर उदासी आणि निराशा वाढलेली अनेक अभ्यासांत दिसली आहे. शिकलेला, तरुण, नुकताच डिस्चार्ज झालेला मुलगा, ज्याला आत्ता उमगलं की हा आजार राहणार आहे, त्याच्याकडे त्याच दिवशी नीट बघायचं असतं. आजाराचा पदर १ वरून ४ झाला की कॅल्गरी डिप्रेशन स्केल करा: नऊ मुद्दे, प्रत्येकी ० ते ३, स्किझोफ्रेनियासाठीच बनवलेली, त्यामुळे सुन्नपणा आणि उदासी यांची सरमिसळ कमी होते. जीव नकोसा वाटतो का हे थेट विचारा, विचारल्याने विचार डोक्यात शिरत नाही. टेली-मानस या सरकारी हेल्पलाइनचा १४४१६ हा नंबर घरच्यांच्या मोबाइलमध्ये सेव्ह करून मगच त्यांना पाठवा.

आणि कायद्याचा मुद्दा. 'इनसाइट नाही' म्हणजे 'निर्णयक्षमता नाही' असं केसपेपरवर सर्रास धरलं जातं. मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ च्या कलम ४ मध्ये इनसाइट हा शब्द कसोटी म्हणून नाही. माहिती समजते का, निर्णयाचे परिणाम उमगतात का, निर्णय सांगता येतो का, हे बघायचं. आजार न मानणाराही 'ही गोळी घेतली नाही तर परत झोप जाईल' हे समजू शकतो. त्याचा निर्णय आपल्याला चुकीचा वाटला, एवढ्यावरून क्षमता नाही असं ठरत नाही, हेही त्याच कलमात आहे. बर्चवुडचे ३ गुण दाखवून कलम ८९ ची ॲडमिशन (पेशंटने स्वतः न मागितलेली, नामनिर्देशित प्रतिनिधीच्या अर्जावरची) समर्थनीय ठरत नाही. दोन्हींच्या नोंदी वेगळ्या कागदावर ठेवा.

माणगंगा
शेवटचं विचारते. गलाईला गेलेल्यांचं माप फोनवर घेतलं तर चालेल? आणि आम्ही दोघी विचारणार आहोत, आमचं एकमेकींशी जुळतं का ते कसं तपासू?

तंबोरा_मिरज
जुळणीसाठी वीसेक मुलाखतींत दोघींनी एकत्र बसा. एकीने विचारायचं, दोघींनी न बोलता स्वतंत्र गुण टाकायचे, पुढच्या वेळी अदलाबदल. बेरीज जुळली म्हणून समाधान मानू नका, प्रत्येक पदराचा वेटेड कॅपा (दोघींचं किती जुळतं ते सांगणारा आकडा) वेगळा काढा. बहुतेक वेळा उपचाराचा जुळतो आणि लक्षणांचा जुळत नाही. जिथे फरक पडला तिथे पेशंटचं मूळ वाक्य काढून वाद घाला आणि निर्णय नियम म्हणून लिहून ठेवा. म्हणून प्रत्येक पदरासाठी पेशंटचं निदान एक वाक्य जसंच्या तसं, त्याच्याच बोलीत, केसपेपरवर असायलाच हवं.

फोनवर चालेल, अटींसह. सुरुवातीला 'आत्ता कुठे बसलाय, जवळ कोण आहे, स्पीकर चालू आहे का?' हे विचारा. गलाईच्या दुकानात मालक शेजारी असताना आजाराबद्दल कुणी खरं बोलणार नाही. रात्रीची वेळ ठरवून घ्या. 'बरोबर, चूक, सांगता येत नाही' हे तीन पर्याय प्रत्येक वाक्यानंतर पुन्हा म्हणा, कारण समोर कागद नसतो. पहिलं माप समोरासमोर झालं असेल तर फोनचं माप त्याच्या खाली न लिहिता वेगळ्या ओळीत लिहा. आमच्याकडची ओळ अशी असते: ल २, आ १, उ ४, फोन, एकटा, वाचून दाखवली, मूड ठीक, 'गोळी हाय म्हणून काम जमतंय, पण आजार न्हाई ह्यो.'